मस्कतचा रविवार

लंडनमधल्या हाउन्सलोमध्ये ज्या घरात मी खोली घेऊन राहते, त्या घरच्या काकू हीथ्रो विमानतळावर परफ्यूमच्या दुकानात काम करतात. मूळच्या नागपूरच्या. त्यांची शिफ्ट पहाटेची, त्यामुळे मी संध्याकाळी ऑफिसातून परत येते तेव्हा त्यांची दुपारची झोप झालेली असते आणि बोलायचा उत्साह भरपूर असतो. गेल्या हिवाळ्यात त्या दार उघडता उघडताच विचारायच्या, "बोललीस का आज?"

"नाही काकू."

"काहून?"

मी बूट काढून रॅकवर ठेवत राहायचे.

"मायबाई! मी दिवसभर अनोळखी माणसांच्या मनगटावर अत्तर मारते, अन् तुला ओळखीच्या माणसांपुढे एक वाक्य निघत नाही?" असं म्हणत त्या आत जायच्या आणि माझं ताट वाढायच्या. भाड्यात जेवण धरलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी तसं सांगूनही पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "तू नको जेवू. ताट जेवेल."

मी एका फंड कंपनीत ॲनालिस्ट आहे. लोकांच्या पेन्शनचे पैसे वेगवेगळ्या देशांच्या शेअर बाजारांत गुंतवायचे, हे कंपनीचं काम. माझी टीम छोटी आहे आणि तेल विकून चालणाऱ्या देशांचे बाजार बघते. प्रोबेशन संपायच्या सुमाराला आमच्या हेडने मला काचेच्या छोट्या खोलीत बोलावलं. ती स्पष्ट बोलते, पण लागेल असं नाही. म्हणाली, "तुझं काम नीट असतं. पण मीटिंगमध्ये तुझ्या मनात काय चाललंय ते मला कधीच कळत नाही. मला तू ऐकू यायला हवीस." आणि प्रोबेशन वाढवलं.

शाळेत माझ्या प्रत्येक रिपोर्ट कार्डावर 'शांत मुलगी' असा शेरा असायचा, आणि आई तो कौतुकानं वाचून दाखवायची. इथे तीच गोष्ट तक्रार झाली होती.

माझा व्हिसा या नोकरीवर आहे. नोकरी पक्की झाली नाही, तर दुसरी स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायला थोडे आठवडे मिळतात, नाहीतर परत जायचं. आई-बाबांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. नोकरी गेली की देशही जातो, हे आमच्या घरात एकदा होऊन गेलेलं आहे.

मीटिंगमध्ये मी बोलत नसे, पण चहा करत असे. इथल्या ऑफिसांत अशी पद्धत आहे की ज्याला चहा प्यावासा वाटेल, त्यानं उठून सगळ्यांना विचारायचं आणि सगळ्यांसाठी करून आणायचा. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली. कोणाला किती दूध, कोणाला ओटचं दूध, कोण साखर सोडल्याचं सांगतं आणि तरी घेतं, हे मला कोणी न सांगता माहीत झालं होतं. सगळ्यात कडक चहा टीममधल्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्यांचा. ते स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे. पंचावन्नच्या आसपासचे, दाढी पांढरी, टाय मात्र कधीच नाही. टीबॅग कपातच ठेवायची, साखर नाही, दूध नावापुरतं. एकदा ट्रेमधला कप उचलताना ते म्हणाले, "चहा कोणाला हवाय हे विचारताना तुझा आवाज अगदी व्यवस्थित असतो." मी हसले. त्यांनी विषय पुढे नेला नाही, म्हणून मला ते आवडले.

त्या नोव्हेंबरात आमच्याकडे एकच प्रश्न चालला होता. तेलाचा भाव अचानक खूप वर गेला किंवा खूप खाली आला, तर तेल विकणाऱ्या देशांच्या शेअर बाजारांचं काय होतं? आकडे निघाले ते चमत्कारिक होते. नॉर्वेचा बाजार तेलाबरोबर लगेच हलत होता. आखातातले बाजार मात्र जवळपास स्तब्ध. तेल कोसळलं तरी रियाध, कुवेत, मस्कत यांना जणू पत्ताच नाही. हेड खूश झाली. "ही बातमी आहे," ती म्हणाली. "तेलावर जगणारे देश, पण बाजार तेलाला घाबरत नाहीत. क्लायंट्सना हे सांगायला हवं." त्यावर एक नोट लिहायची आणि पुढच्या बुधवारी पाठवायची असं ठरलं.

कोणालाही ते खटकलं नाही. मला खटकलं, पण पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त वर्गातले रिकामे बाक होते.

माझं लहानपण मस्कतमध्ये गेलं. बाबा रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत अकाउंटंट होते. आम्ही तिथल्या रुवी भागात राहायचो, खाली एका मलयाळी काकांचं किराणा दुकान होतं आणि शाळा भारतीय, इंग्रजी माध्यमाची. स्कूलबस रविवारी सकाळी यायची, कारण तिथला आठवडा रविवारी सुरू होतो. सुट्टीत पुण्याला आलो की चुलत भावंडं रविवारी उशिरापर्यंत लोळायची आणि मी सवयीनं लवकर उठून, वेणी घालून, पलंगाच्या कडेला बसून राहायचे. सगळे हसायचे. शुक्रवारी मात्र ती शाळेला निघाली की आज सुट्टी असून ही कुठे चालली, असं मला मनातल्या मनात वाटत राहायचं.

मी नववीत असताना तेलाचा भाव कोसळला. बाबांच्या कंपनीचा तेलाशी थेट काही संबंध नव्हता. ते रस्ते बांधत. पण रस्त्यांचे पैसे सरकार देत होतं आणि सरकारकडे पैसे तेलातून येत होते. सरकारनं नवी कामं थांबवली, जुन्या कामांची बिलं अडकली, मग पगार उशिरा होऊ लागले. खालच्या दुकानात मलयाळी काका आधी आंबे पेटीनं आणायचे, ते डझनानं आणू लागले. वर्गातला एक बाक वर्षाच्या मध्येच रिकामा झाला, मग त्याच्या मागचा. मॅडम हजेरी घेताना एखादं नाव घ्यायच्या, मग आठवून पुढच्या नावावर जायच्या. त्या गेलेल्या मुलांपैकी कोणाचेही वडील तेल कंपनीत नव्हते. एकाचे बँकेत होते, एकीचे फर्निचरच्या शोरूममध्ये.

एके दिवशी मी शाळेतून आले तेव्हा बाबा घरी होते, वर्तमानपत्र उघडं, पण वाचत नव्हते. दहावी मी पुण्यात केली. बाबांना पुढे पुण्यात काम मिळालं, आधीपेक्षा लहान. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, म्हणून मीही इथे जास्त लिहिणार नाही.

एक सवय तेवढी त्यांनी बरोबर आणली. अजूनही ते रोज दुपारी जेवल्यावर फोनवर मस्कतचा शेअर बाजार बघतात. त्यांच्याकडे तिथला एकही शेअर नाही, कधीच नव्हता. आई म्हणते, "लोक सोडलेल्या गावचं हवामान बघतात, तसं यांचं आहे."

नोट जायच्या आधीच्या रविवारी सकाळी मी बाबांना फोन केला. बाहेर धुकं होतं आणि विमानं नेहमीसारखी छपरावरून जात होती. पुण्यात दुपार होती.

"जेवलात?"

"झालं केव्हाच. तू उठलीस का आत्ता?"

"उठतेय."

"मस्कत आज चांगलंच पडलं गं," बाबा म्हणाले. कोणी ओळखीचं आजारी असल्यासारखा त्यांचा आवाज होता. "काल ती तेलवाल्या देशांची बैठक झाली ना, उत्पादन वाढवणार म्हणे. सकाळी उघडल्या उघडल्या बँका पडल्या. सिमेंटसुद्धा."

"उद्या तेलाचे भाव उघडतील तेव्हा कळेल," मी म्हणाले. हे मी ऑफिसच्या सवयीनं म्हणाले.

"उद्या काय कळायचंय? तिथे उद्याचं सगळं आजच होऊन गेलं."

मी पांघरूण बाजूला केलं आणि खाली ठेवलेला लॅपटॉप उचलला. बाबा पुढे आईच्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होते. मी आमचे आकडे उघडले. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. परत सोमवार. मी वर्षानुवर्षांचे रकाने खाली सरकवत राहिले. एकही रविवार नव्हता.

"ऐकू येतंय ना? काय झालं?"

"काही नाही बाबा. तुम्ही आत्ता म्हणालात ते परत सांगा."

"काय, गुडघ्याचं?"

"नाही. उद्याचं."

आमच्याकडचा प्रोग्राम जुना होता. कोणीतरी तो युरोपातल्या बाजारांसाठी लिहिलेला होता आणि लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेला होता. आखातातले बाजार आम्ही नुकतेच घेतले आणि त्याच प्रोग्राममध्ये घातले. तो तेलाचा भाव आणि बाजाराचा रोजचा चढउतार एकमेकांशेजारी ठेवायचा, आणि ज्या दिवशी तेलाचा भाव असेल तेवढेच दिवस धरायचा. तेलाचा व्यवहार सोमवार ते शुक्रवार. मस्कत, रियाध, कुवेत रविवार ते गुरुवार. म्हणजे त्यांचा रविवार गाळला जात होता. शुक्रवारी ते बाजार बंद, तर त्या रिकाम्या जागी प्रोग्राम शून्य भरत होता. आणि तेलाच्या मोठ्या बातम्या, बैठका, निर्णय, बऱ्याचदा शनिवार-रविवारी येतात. जगात सगळीकडे शटर खाली असताना हे बाजार एकटे उघडतात, धक्का खातात, आणि सोमवारी लंडन जागं होईपर्यंत सावरून बसलेले असतात. आम्ही फक्त त्यांचं ते सावरून बसणं बघत होतो आणि त्यालाच शांतपणा म्हणत होतो.

हे मला फार हुशारीनं कळलं असं मुळीच नाही. मी रविवारी शाळेत जायचे, एवढंच. आणि तरी इतके महिने मीसुद्धा ते आकडे बघत आले होते. इथे राहून माझाही आठवडा बदलला होता.

खाली स्वयंपाकघरात काकू होत्या. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती आणि त्या कणीक मळत होत्या.

"काकू, समजा तुमच्या मॅनेजरचं काही चुकलंय."

"मॅनेजरचं? मग मी दोनदा बोलेन."

"आणि नोकरी पक्की व्हायची असेल तर?"

त्यांनी हात थांबवले आणि माझ्याकडे नीट बघितलं. प्रोबेशनचं मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं. "इथे उभी राहा," त्या म्हणाल्या. "फ्रिजपाशी. मी तुझी मॅनेजर. सांग."

"काकू, तुम्हाला त्यातलं..."

"मला समजेल असं सांग. मला समजलं तर त्यांना समजेल."

मी सांगितलं. पहिल्यांदा अडखळले, मग परत सांगितलं. काकू कणकेचा गोळा हातात धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे दुकान बंद होतं त्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही असं लिहिलं, अन् गर्दीचा दिवस मोजलाच नाही?"

"हो. तसंच."

"एवढंच ना? मग हेच बोल की."

सोमवारी मेट्रोच्या पिकॅडिली लाइनमध्ये मी ते वाक्य इंग्रजीत मनातल्या मनात म्हणत गेले. होबर्नला उतरेपर्यंत ते गुळगुळीत झालं होतं. ऑफिसच्या दारात पोचल्यावर त्यातला एकही शब्द माझा वाटेना. मी कोट काढला आणि नेहमीसारखी चहाचं विचारायला उठले.

ॲबरडीनचे ते सहकारी माझ्या मागून किचनमध्ये आले, बहुतेक बिस्किटांसाठी. मी त्यांच्या कपात टीबॅग टाकली आणि कपाकडेच बघत म्हणाले, "काल मस्कत पडलं."

"काल रविवार होता," ते म्हणाले.

"तिथे रविवार कामाचा दिवस असतो."

बिस्किटाचा डबा उघडता उघडता ते थांबले. मग हळूच म्हणाले, "आणि आपल्याकडे..."

"आपल्याकडे रविवार नाहीयेत. एकही नाही."

त्यांनी एक शिवी दिली. सभ्य होती, पण शिवीच. मग विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मी रविवारी शाळेत जायचे. मस्कतमध्ये. बाबांची नोकरी तेलाचा भाव पडल्यावर गेली." हे मी ऑफिसात आधी कोणालाही सांगितलं नव्हतं. अजूनही मला नक्की सांगता येणार नाही की तेव्हा का सांगितलं. किटलीचा आवाज मोठा होता, हेही कारण असेल.

ते काउंटरला टेकून उभे राहिले. "माझे वडील उत्तर समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर होते," ते म्हणाले. "मी शाळेत असताना भाव पडला. आमच्या गल्लीत घराघरांवर विक्रीच्या पाट्या लागल्या. माझा जिवलग मित्र ईस्टरच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाही. आणि त्याच्या वडिलांचं बेकरीचं दुकान होतं, बघ. तेलाशी काय संबंध बेकरीचा?"

"फर्निचरचा काय असतो?" मी म्हणाले.

आम्ही दोघंही थोडं हसलो. मग मी विचारलं, "मीटिंगमध्ये तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकतील."

"नाही."

मी किटलीतलं पाणी कपांत ओतू लागले.

"मी विषय काढून देईन," ते म्हणाले. "बोलायचं तू. माझ्या आयुष्यात रविवारची शाळा नव्हती." आणि त्यांनी ट्रे उचलला. त्याआधी चहाचा ट्रे त्यांनी उचललेला मी कधी पाहिला नव्हता.

मीटिंग नेहमीसारखी झाली. हेडने नोटचा मसुदा स्क्रीनवर दाखवला. शीर्षक छान होतं. शेवटी तिने विचारलं, "बुधवारी जाईल हे. कोणाला काही?" या प्रश्नानंतर साधारणपणे लॅपटॉप मिटायला लागतात.

"एक मुद्दा आहे," ॲबरडीनचे सहकारी म्हणाले. "माझा नाही."

हेडने टेबलभर नजर फिरवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते स्वतःच्या कपात बघत राहिले, जणू चहात काहीतरी पडलं होतं. मला वाटलं, आता सांगूनच टाकतील. ते फारच वेळ गप्प राहिले. त्या शांततेत बोलणं किंवा न बोलणं, दोन्ही मला करता आलं असतं, कारण त्यांनी माझं नाव घेतलेलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कोणालाही कळलं नसतं.

"आपल्या डेटामध्ये रविवार नाहीत," मी म्हणाले.

"कशात?" हेडने विचारलं. ऐकू गेलं नव्हतं.

मी परत म्हणाले. या वेळी चहाचं विचारायच्या आवाजात. "आखातातले बाजार रविवारी उघडे असतात. आपला प्रोग्राम ते दिवस टाकून देतो. आणि शुक्रवारी ते बंद असतात, तेव्हा आपण शून्य लिहितो. दुकान बंद असताना गिऱ्हाईक आलं नाही असं आपण लिहिलंय, आणि गर्दीचा दिवस मोजलाच नाहीये."

कोणीतरी हळूच हसलं, पण मला नाही. हेड खुर्चीत पुढे सरकली. "पण बातमी शनिवारी आली तर सोमवारीही थोडं दिसायला हवं ना?"

"सोमवारचा चढउतार रविवारच्या बंद भावापासून मोजला जातो. पडायचं ते रविवारी पडून झालेलं असतं. सोमवारी सांगण्यासारखं काही उरत नाही." मग मी लॅपटॉप फिरवून कालचा मस्कतचा बाजार दाखवला.

"हे कधी लक्षात आलं तुझ्या?"

"काल. बाबांशी फोनवर बोलताना."

"ते बाजारात काम करतात?"

"नाही," मी म्हणाले. "ते फक्त बघतात."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक सहकारी म्हणाला, "संपला माझा आठवडा," आणि ते खरंच होतं, कारण सगळं पुन्हा करावं लागणार होतं. हेडने मसुदा बंद केला. "नोट थांबवू," एवढंच म्हणाली. मला तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. दिवसभर मला वाटत राहिलं की मी तिला सगळ्यांसमोर तोंडावर पाडलं.

संध्याकाळी काकूंनी दार उघडलं. "बोललीस का आज?"

"हो."

रोजचं "काहून" तोंडापर्यंत आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग माझी बॅग ओढून घेत म्हणाल्या, "बूट नंतर काढ. आधी सांग."

पुढचे काही दिवस आम्ही सगळेच त्या कामात होतो. रविवार जिथले तिथे घातल्यावर आखाताचा तो शांतपणा गेला. तेलाचा मोठा धक्का बसला की ते बाजार ज्या दिवशी पहिल्यांदा उघडत, त्याच दिवशी हलत होते. आमच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसली. भाव वाढला की ते जेवढे चढत, त्याहून भाव पडल्यावर जास्त पडत. आणि भाव वाढला म्हणजे आनंदच, असंही नव्हतं. शेजारी कुठे हल्ला झाला म्हणून तेल महागलं, तर तेल विकणाऱ्यांचेच बाजार घसरत, कारण आग लागली ती त्यांच्याच गल्लीत.

हेडने एक प्रश्न मला मुद्दाम विचारला. "मस्कतमध्ये आपण बघतोय त्यात तेलाच्या कंपन्या फारशा नाहीत. बँका आहेत, सिमेंट आहे, टेलिफोन आहे. मग तेल पडल्यावर हे का पडतात?"

याचं उत्तर मी लिहून दिलं. तिथे तेल विकणारं सरकार असतं, आणि सरकार हेच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते हात आखडतं तेव्हा कंत्राटदाराचं बिल अडकतं, त्याचं कर्ज बँकेत अडकतं, सिमेंट पडून राहतं, माणसं परत जातात आणि त्यांचे फोन बंद होतात. शेअर बाजाराला हे सगळं आधी दिसतं, घरांना नंतर. आंब्याच्या पेट्या आणि बाक मी त्यात घातले नाहीत, पण लिहिताना ते समोर होते. हेडने तो भाग जवळजवळ तसाच ठेवला.

वाढवलेलं प्रोबेशन संपलं तेव्हा तिने मला पुन्हा त्याच काचेच्या खोलीत बोलावलं. मी पाण्याची बाटली घेऊन गेले होते आणि ती सारखी उघडत-मिटत होते. "तू सांगितलं नसतंस तर मी चुकीची गोष्ट माझ्या सहीनं पाठवली असती," ती म्हणाली. "मला त्या दिवशी राग आला होता. तुझा नाही. तुला वाटलं असेल तर सॉरी." मग म्हणाली, "नोकरी पक्की आहे. आता ऐकू येतेस. अजून थोडं मोठ्यानं चालेल."

बाहेर आले तर ॲबरडीनच्या सहकाऱ्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. मी मान हलवली. ते उठले आणि सगळ्यांना चहाचं विचारत सुटले. माझा चहा त्यांनी फारच कडक केला, टीबॅग आतच ठेवून. मी सगळा प्यायले. त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी काय केलं, हे मला नीट सांगता येत नाही. ते गप्प बसले, एवढंच दिसेल कोणालाही. गप्प बसणं मला चांगलं येतं. पण असं गप्प बसणं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या रविवारी मी आई-बाबांना सगळं सांगितलं. वाढवलेलं प्रोबेशन, व्हिसा, सगळं. आई आधी रागावली, मग रडली, मग काकूंना फोन द्यायला लावला आणि दोघी बराच वेळ पोह्यांबद्दल बोलल्या. फोन बाबांकडे गेला तेव्हा ते म्हणाले, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तरी तेव्हा कुठे सांगितलं होतं?"

मला वाटलं, नको होतं बोलायला. मग बाबा हसले. "तुला कळलं होतं?"

"वर्तमानपत्र उघडं होतं, पण पान उलटत नव्हतं."

"शहाणीच आहेस," ते म्हणाले.

आता आमच्या टीममध्ये रविवारी सकाळी कोणीतरी आखातातले बाजार बघून सोमवारी सगळ्यांना सांगायचं असतं. कोण करेल असं हेडने विचारलं तेव्हा मी लगेच हात वर केला. त्या बदल्यात सोमवारी थोडं उशिरा गेलं तरी चालतं. आकडे मी लॅपटॉपवरच बघते, पण त्याआधी फोन करते. आई सांगते की बाबा हल्ली रविवारी लवकर जेवायला बसतात, ताट उचलून चष्मा पुसतात आणि फोन समोर ठेवून वाट बघतात. मला आधी घरच्या गप्पा मारायच्या असतात, पण ते तेवढा वेळ देत नाहीत.

"हं, विचार," ते म्हणतात.

"मस्कत काय म्हणतंय, बाबा?"

"थांब, नीट सांगतो. आधी बँका घेऊ."